उशाखालचा चाकू

पुंजाजीला खिशात ठेवायला एक घडीचा चाकू पाहिजे होता. एवढ्या कारणासाठी त्या हिवाळ्यात माझे बैल मंगरूळपीरच्या वाटेवर झिजले. छकडा माझा, बैल माझे, दिवसही माझाच जायचा, चाकू मात्र त्याचा. दर बाजाराला तो सकाळी माझ्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "रामधन, आज घेऊनच टाकतो." संध्याकाळी रिकाम्या खिशानं माझ्याशेजारी बसायचा आणि आमचं गाव इंझोरी येईपर्यंत आजचा चाकू का घेतला नाही ते सांगायचा. घेतलेल्या वस्तूचं कौतुक मी कितीही ऐकून घेईन. न घेतलेल्या वस्तूची निंदा ऐकत घरी यायचं म्हणजे माझं डोकं उठत असे.

त्याला कंजूष म्हणणारे चुकत होते. पुंजाजीचं वावर बरं पिकायचं आणि त्याचा हातही आखडता नव्हता. त्याचा रोग निराळा होता. वाईट वस्तू त्याच्या हाताला सोसत नसे. त्याचा आधीचा चाकू मोटेचा दोर कापताना विहिरीत पडला, तेव्हापासून तो वावरात कांदा बुक्कीनं फोडायचा, तंबाखूचं पान नखानं तोडायचा आणि पायात काटा मोडला की बाभळीच्याच दुसऱ्या काट्यानं तो उकरून काढायचा. पण दुसऱ्याचा चाकू मागायचा नाही. मी एकदा म्हणालो की जगदेवकडून घे घडीभर, तर म्हणे, "जगदेवचा चाकू मी पाह्यला हाय. त्यानं लोनी कापलं तं लोन्याले लागते."

मंगरूळपीरला दर्ग्याच्या वाटेवर वहाबभाईचं दुकान होतं. विळे, कात्र्या, अडकित्ते, वस्तरे आणि एका काचेच्या पेटीत घडीचे चाकू. विलायती होते, जपानी होते, इकडच्या कारागिरांनी घडवलेलेही होते. वहाबभाई पन्नाशीचा, दाढी अर्धी पिकलेली, आवाज कधी चढायचा नाही. पहिल्या दिवशी त्यानं ती पेटी उघडून पुंजाजीपुढे ठेवली तेव्हा त्याला वाटलं असेल की गिऱ्हाईक आलं.

पुंजाजीनं पिशवीतून एक कांदा काढला. मग दोराचा तुकडा, कातड्याची पट्टी, तंबाखूचं पान आणि निंबाची काडी. हे सगळं तो घरून घेऊन आला होता. एकेक चाकू आधी बंद असतानाच कानाशी नेऊन हलवायचा. आत काही वाजलं की तो बाजूला. मग डाव्या हातात बैलाचा कासरा आहे असं समजून उजव्या हातानं आणि दातांनी पातं उघडायचं. हे पाहून वहाबभाईचे स्वतःचे दात आंबत असावेत, कारण तो तोंड फिरवून घ्यायचा. त्यानंतर कांदा, दोर, कातडं. त्यातून जो निभावला तो बंडीच्या खिशात घालून पुंजाजी दुकानातच मांडी घालून बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा, की कुठं टोचतो का. आणि शेवटी तो खिशात घेऊन दर्ग्यापर्यंत चालून यायचा. पहिल्यांदा असा निघाला तेव्हा वहाबभाईनं आपल्या भावाला, मुनाफला, त्याच्या मागे पाठवलं होतं. पुढे पुढे पाठवणं सोडून दिलं, कारण पुंजाजी चाकू घेऊन पळणारा नव्हता. पळाला असता तर वहाबभाई सुटला असता.

विलायती चाकूला दोन पाती होती आणि पाठीला एक पिळाची तार. "हे कायले?" पुंजाजीनं विचारलं.

"साहेब लोक बाटलीचं बूच काढतेत त्यानं."

"माह्या वावरात बाटली नाई."

जपानी चाकू त्यानं उन्हात धरला. "लय चमकते. यात मले तोंड पाहाचं हाय काय?"

एका बाजाराला वहाबभाई दुपारच्या नमाजला गेला आणि जाताना पुंजाजीला म्हणाला, जरा दुकानाकडे पाहा. इतक्या दिवसांत तो घरचाच झाला होता. परत आला तर गिऱ्हाईक एकही नाही, गादीवर पुंजाजी आणि पायरीवर मी.

"कोनी आलं होतं काय?"

"जऊळक्याचा एक मानूस आला होता. चाकू घेऊन राह्यला होता. मी त्याले सांगतलं का याचा खिळा ढिला हाय, दोन महिन्यात पातं हालन. तुमची बदनामी होऊ देली नाई."

वहाबभाईनं कपाळाला हात लावला नाही, एवढा तो सभ्य. तो नुसता खाली बसला आणि एका बाईनं सांगून ठेवलेले अडकित्ते बांधायला सुतळी घेतली. सुतळी तोडायला त्यानं स्वतःच्या खिशातून चाकू काढला. उघडताना एकच जाड आवाज झाला, खट्. सुतळी तुटली, चाकू मिटला, परत खिशात.

पुंजाजीची मान वळली. "तो दाखवा."

"तो माहा हाय. इकाचा नाई."

"दाखवाले काय होते?"

काळ्या शिंगाची मूठ, हातात राहून राहून गुळगुळीत झालेली. पातं रुंद आणि साधं, सहाणेवर झिजून जरासं निमुळतं. कारंज्याच्या कोण्या म्हाताऱ्या कारागिरानं तो वहाबभाईच्या वडिलांसाठी घडवला होता. पुंजाजीनं तो कानाशी नेला. आत काहीच वाजलं नाही. मग त्यानं कांदा कापलाच नाही. चाकू नुसता तळहातावर घेऊन बसला आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं की मीच दुसरीकडे पाहिलं.

"हा," तो म्हणाला.

"पुंजाजीभाऊ, खिशातला चाकू कोनी इकते काय? दुकानात इतके हायेत."

"ते इकाचे हायेत. हा वापराचा हाय."

याच्या पुढचे काही बाजार तर आणखी वाईट गेले, कारण आता पेटीकडे तो पाहतही नव्हता. नुसता येऊन वहाबभाईच्या खिशाकडे पाहत बसायचा. गिऱ्हाइकं चुळबुळ करायची. शेवटी एक दिवस वहाबभाईनं चाकू काढला, आपल्या उपरण्याला पुसला आणि त्याच्या हातात ठेवला. "घ्या भाऊ. अन् माहं दुकान मले वापस द्या."

त्या संध्याकाळी इंझोरीपर्यंत पुंजाजी एक अक्षर बोलला नाही. खिशात हात घालून बसला होता. इतका सुखाचा प्रवास मी त्या हिवाळ्यात केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं गावात जे जे कापण्यासारखं होतं ते कापलं. माझ्या बैलाची येसण बदलून दिली, पोरांना ऊस सोलून दिला, स्वतःच्या पायातला जुना काटा काढला. त्याच्या पुढच्या सकाळी तो अंघोळ करून आला आणि बंडीच्या खिशात हात घातला. मी तिथंच ओट्यावर बसलो होतो.

"गोजरा, माहा चाकू?"

त्याची बायको गोजराबाई चुलीपाशी होती. "कस्तुराबाईच्या सुनेच्या उशाखाली हाय," ती म्हणाली. "पहाटं बाळंत झाली."

आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, वाईटसाईट जवळ येऊ नये म्हणून. एकदा ठेवलं की सव्वा महिना ते तिथून हलवायचं नाही. हलवलं आणि लेकराला काही झालं तर हलवणाऱ्याच्या माथी. एरवी विळा ठेवतात. पण तेव्हा ज्वारीची सोंगणी चालू होती आणि गावातला एकूण एक विळा वावरात होता.

"घरात कुऱ्हाड हाय," पुंजाजी म्हणाला. "भाजी चिराची पावशी हाय. नांगराचा फाळ हाय."

"लेकराच्या उशाखाली नांगराचा फाळ ठेवता काय? खुंटीले बंडी होती, खिशात चाकू होता, देऊन टाकला."

"लोखंड ते लोखंड. त्याले भूतबीत काई भेत नसते."

"मंग ठेवला तं तुमचं काय गेलं?"

सव्वा महिना तो रोज शेजारी कस्तुराबाईच्या दारी जाऊन लेकराची चौकशी करायचा. शेजारणीला त्याचं कोण कौतुक वाटलं. "भाऊ लय मायाळू," ती गावभर सांगायची. "रोज इचारते, खोलीत ओल तं नाई ना, म्हनून." ओल कशासाठी विचारतो ते मला ठाऊक होतं. लोखंडाला गंज चढतो.

पण झालं असं, की कस्तुराबाईच्या घरची पोरं रडण्यासाठी प्रसिद्ध होती. तिच्या थोरल्या नातवानं रडून रडून आळीतली कुत्री पळवली होती. हे नवं पोर मात्र दूध प्यायचं आणि झोपायचं. बायका पाहायला यायच्या, पोर झोपलेलं. पुन्हा यायच्या, झोपलेलं. कस्तुराबाईनं एकदा उशी उचलून चाकू दाखवला आणि तिथून पुढे आवरायला कोणाच्या हातात काही राहिलं नाही.

चाकू घरी आला तोवर जगदेवच्या पोराची हळद आली. हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खुपसलेलं. लग्न लागून नवरी घरी येईपर्यंत ती हातातून सोडायची नाही. जगदेवच्या घरी आज्याची कट्यार होती. तरी तो पुंजाजीकडे आला.

"लिंबानं पातं काळं पडते," पुंजाजी म्हणाला.

"मंग टोकाले कांदा खुपसू काय?"

"अरे, तुह्या घरी कट्यार हाय."

"कट्यार हाय. पन माहे व्याही कसे हायेत ते तुले ठाव नाई."

त्या लग्नात कोणीच रुसलं नाही. नवरदेवाचा मामा रुसला नाही, नवरीचा काका रुसला नाही, जेवणाच्या पंगतीत मीठ मागे राहिलं म्हणून कोणी पानावरून उठलं नाही. आमच्या भागात असं लग्न पाहिल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. याचं श्रेय कशाला दिलं गेलं ते सांगायला नको. चाकू परत आला तेव्हा पातं काळं ठिक्कर आणि खाचेत हळद. पुंजाजी दोन दिवस ओट्यावर विटकरीची पूड आणि गोडं तेल घेऊन बसला होता. घासता घासता तो जगदेवला जे बोलत होता ते मी इथं लिहीत नाही.

मग रांगच लागली. बाळंतीण, नवरदेव, पुन्हा बाळंतीण. नाही कसं म्हणणार? लेकराच्या उशाखालची वस्तू नाकारली असं एकदा गावानं म्हटलं की माणूस गावातून उठला. चाकू दोन घरांच्या मध्ये एखादा दिवस पुंजाजीच्या खिशात यायचा, सासरी जाताना माहेरी थांबलेल्या पोरीसारखा, आणि त्या दिवशी पुंजाजी दुसरं काही काम करत नसे. वावरात कांदा मात्र बुक्कीनंच फुटत होता.

आषाढात त्याची लेक ललिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. गोजराबाईनं त्याच दिवशी सांगून टाकलं की आता चाकू कोणाला मिळायचा नाही. "गावाच्या पोरी निजल्या त्यावर. आता माही पोर निजन." पुंजाजीला इतका आनंद झाला की भुताखेताबद्दल तो एका शब्दानं बोलला नाही. चाकू खिशात ठेवला, वर गुंडी लावली आणि मला म्हणाला, "रामधन, ललिताचं निभलं का मंग हा माह्या खिशातून निंघनार नाई. मेलो तं काढून घ्या."

चार दिवसांनी वहाबभाई इंझोरीत आला. तो आमच्या गावात कधी आला नव्हता. ओट्यावर बसला, पाणी प्याला, पावसाचं बोलला. मग म्हणाला, "पुंजाजीभाऊ, फरहतले पोरगा झाला. माही पोर. आठ दिवस झाले. लय कमजोर हाय लेकरू. मेहरबीनं, म्हंजे तिच्या मायनं, तुमच्या चाकूचं ऐकलं. चिल्ला होईपर्यंत, चाळीस दिवस, द्या. आमच्यातही उशाशी लोखंड ठेवतेत."

मला राग आला. त्या चाकूपायी माझे बैल झिजले होते, माणूस झिजला होता, आणि आता विकणाराच मागायला आला. मी म्हणालो, "वहाबभाई, तुमचं दुकान भरून चाकू हायेत."

"हायेत."

"अन् हाच चाकू इतकी वर्षं तुमच्या घरी होता. तेव्हा तं कोनाले त्याचा काई गुन दिसला नाई."

वहाबभाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "फरहतचं पहिलं लेकरू परारच्या साली गेलं," तो म्हणाला. "तेव्हा तिच्या उशाशी विळा होता. चाकू माह्या खिशात होता. मी दुकानात सुतळ्या कापून राह्यलो होतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराआड गोजराबाई होती. ती बाहेर आली, नवऱ्याच्या खिशाची गुंडी तिनं स्वतः सोडली आणि चाकू काढून वहाबभाईपुढे ठेवला. "ललिताले अजून वेळ हाय," ती म्हणाली. "चिल्ला झाला का आनून द्या मातर."

"झाल्याबरोबर," वहाबभाई म्हणाला.

चिल्ला संपला. वहाबभाई आला नाही. ललिताचे दिवस भरत आले आणि गोजराबाई दर घडीला रस्त्याकडे पाहू लागली. तिला आता दुसरं काही सुचत नव्हतं. सुईण सांगून ठेवली होती, ओवा-डिंक आणून ठेवला होता, उशी शिवली होती, आणि उशीखालची जागा रिकामी. एका सकाळी ललिताची कंबर दुखू लागली तशी ती नवऱ्याला म्हणाली, "जा अन् घेऊन या. तुमचाच हाय. मागाले लाज कायची?"

मी छकडा जुंपला. वाटेनं पुंजाजी आपलं बोलणं घोकत होता. आधी लेकराची खुशाली विचारायची, मग आपल्या लेकीचं सांगायचं, मग चाकू. त्यानं ते तीन-चार प्रकारांनी म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी चाकू आधी येत होता.

वहाबभाई घरीच होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा पडला. पुंजाजीनं अजून तोंड उघडलं नव्हतं. "येनारच होतो," वहाबभाई म्हणाला. "लेकराले मधात ताप आला. आता उतरला. पन मेहरबी म्हने आज राहू द्या, उद्या म्हने आज राहू द्या. चुकलं माहं. सबूर करा, आनतो."

तो पडद्याआड गेला. आतून मेहरबी हळू आवाजात काही म्हणाली. मग एक कोवळा आवाज आला, फरहतचा असावा. "अब्बा, आजचा दिस राहू द्या." वहाबभाई बाहेर आला आणि त्यानं तळहातावर चाकू पुढे केला.

पुंजाजीनं घेतला. मूठ ऊन होती, असं त्यानं मला नंतर सांगितलं, उशीखालची ऊब होती ती. त्यानं तो उघडला. खट्. पातं स्वच्छ होतं, कोणी तरी रोज तेलाचं बोट फिरवलेलं दिसत होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. इतक्या महिन्यांनी त्याचा चाकू त्याच्या हातात होता, लेक घरी कळा देत होती, आणि कोणीही त्याला नाव ठेवलं नसतं.

त्यानं चाकू मिटला आणि परत पुढे केला. "आत ठेवून या."

"पुंजाजीभाऊ, तुमची पोर..."

"ठेवून या आधी. मंग दुकान उघडा. मले एक चाकू पाह्यजे."

वहाबभाई आत गेला तो लवकर बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. आम्ही तिघं दुकानात गेलो. त्यानं काचेची पेटी पुढे ओढली, सगळे चाकू गादीवर मांडले आणि आतून एक कांदा आणि दोराचा तुकडा घेऊन आला. पुंजाजीला दिवसभर लागणार, अशा तयारीनं तो बसला.

पुंजाजीनं हाताला आला तो पहिला चाकू उचलला आणि खिशात टाकला.

"कानाशी तं लावा," वहाबभाई म्हणाला.

"नाई."

"उघडून तं पाहा."

"उशीर होऊन राह्यला."

"भाऊ, तो जपानी हाय." वहाबभाई रडकुंडीला आला होता. "वाईट हाय तो. मी इकतो, पन वाईट हाय. मले माहीत हाय ना. दुसरा घ्या, मी काढून देतो."

"लोखंड हाय ना?"

"लोखंड हाय."

"मंग झालं," पुंजाजी म्हणाला आणि छकड्यात जाऊन बसला.

परत येताना तो एकसारखा माझ्या बैलांना हाकत होता. माझे बैल दुसऱ्यानं हाकलेले मला खपत नाहीत, पण त्या दिवशी मी गप्प बसलो. आजवर या माणसानं माझे जितके दिवस खाल्ले होते ते सगळे मी त्याला मनातून सोडून दिले.

आम्ही पोचलो तेव्हा आत लेकरू रडत होतं. पोरगी झाली होती, दोघी धडधाकट होत्या. पण ती पोर अशी रडत होती की बैलांनीही कान मागे टाकले. कस्तुराबाई आणि आणखी बायका आत बसल्या होत्या. गोजराबाई धावत दारात आली आणि तिनं हात पुढे केला.

पुंजाजीनं चाकू तिच्या हातावर ठेवला. तिनं एकदा पाहिलं. इतके महिने त्या शिंगाच्या मुठीचं वर्णन ऐकलेली बाई ती. तिनं नख लावून पातं ओढून पाहिलं. ते निघालं नाही. पुन्हा जोर लावला. निघालं नाही.

"हा तो नाई," ती हळू म्हणाली.

"नाई."

"मंग तो?"

"फरहतपाशी राहू देला."

आता ही बोलणार, म्हणून मी जरा बाजूला सरकलो. गोजराबाई त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मग तिनं चाकू पदराखाली धरला. "उघडत नाई ते बरं हाय," ती म्हणाली. "लेकराच्या उशाखाली ठेवाचा हाय." आणि आत गेली. आतून तिचा आवाज आला, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असा. "आनला. तोच हाय. सरका जरा."

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. पुंजाजीनं तंबाखूचं पान काढलं आणि नखानं तोडायला लागला. आतलं रडणं कमी झालं, हुंदक्यांवर आलं आणि थांबलं. कस्तुराबाई दाराशी आली, ओठांवर बोट ठेवून.

"निजली," ती म्हणाली. "उशाखाली ठेवला अन् निजली. काय चाकू हाय, भाऊ."

पुंजाजीनं पान तोंडात टाकलं. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

"लय पाहून घेतला, बाई," तो म्हणाला.